स्नायूतील इंजेक्शन आणि त्याची जागा : प्रस्तावना

औषध स्नायूत टोचणे ही क्रिया प्राथमिक आरोग्य केंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत दिवसभरात इतक्या वेळा घडते, आणि ती करणाऱ्याच्या हाताला इतकी सवयीची झालेली असते, की तिच्यामागे शरीररचनेचे काही निश्चित ज्ञान आहे याचा रुग्णाला पत्ता नसतो आणि टोचणाऱ्यालाही हळूहळू विसर पडतो. वास्तविक या क्रियेत एक मूलभूत अडचण आहे. शस्त्रक्रियेत ज्या भागावर शस्त्र चालते तो भाग शल्यविशारदाच्या डोळ्यांसमोर उघडा असतो. सुई मात्र कातडीतून आत गेली की तिचे टोक दिसेनासे होते, आणि पुढचे अडीच ते चार सेंटिमीटर ती चरबीतून जाते आहे की स्नायूतून, तिच्या वाटेत एखादी मोठी रक्तवाहिनी किंवा मज्जातंतू आहे की नाही, हे पाहण्याची काहीही सोय नसते. आधार उरतो तो कातडीखाली बोटांना लागणाऱ्या हाडांचा. स्नायू हाडांवर उगम पावतात आणि हाडांनाच येऊन चिकटतात, मोठे मज्जातंतूही या हाडांपासून साधारण ठरावीक अंतरावरून जातात; म्हणून हाडाचा उंचवटा सापडला की आत काय असणार याचा बराचसा उलगडा होतो. इंजेक्शनच्या जागांचा अभ्यास हा मुख्यतः या हाडांच्या खुणांचा अभ्यास आहे, आणि प्रस्तुत पुस्तकाची मांडणी याच भूमिकेतून केलेली आहे.

जागेच्या आधी प्रश्न येतो तो औषध स्नायूतच का द्यायचे हा. बाहेरून आत जाताना प्रथम त्वचा, मग तिच्याखाली चरबीचा थर, मग फॅशिया नावाचे चिवट पांढरट आवरण आणि त्याच्या आत स्नायू, असा क्रम लागतो. स्नायूची घडण ज्वारीच्या धाटांसारखी असते : सुटे तंतू एकत्र बांधून पेंढी होते, अनेक पेंढ्या एकत्र येऊन स्नायू होतो, आणि प्रत्येक तंतूभोवती, प्रत्येक पेंढीभोवती आणि संपूर्ण स्नायूभोवती जोडऊतीचे पातळ वेष्टण असते. या वेष्टणांमधून केशवाहिन्यांचे दाट जाळे पसरलेले असते, कारण आकुंचन पावणाऱ्या तंतूला प्राणवायू सतत लागतो. टोचलेले औषध तंतूंच्या दिशेने, पेंढ्यांमधल्या फटींतून पसरते आणि या जाळ्यातून रक्तात उतरते. चरबीच्या थरात रक्तपुरवठा पुष्कळच कमी असल्याने तेच औषध तेथे रेंगाळते, आणि ते दाहक असेल तर गाठ धरते किंवा आसपासची ऊती मारते. त्वचेच्या मानाने स्नायूत वेदना जाणणारी टोके विरळ असतात आणि द्रव सामावण्याची क्षमता अधिक असते, हे आणखी दोन फायदे. शिवाय औषध तेलात विरघळवून किंवा न विरघळणाऱ्या कणांच्या रूपात दिले, तर तोच स्नायू त्याचे कोठार बनतो : संधिवाती तापाने हृदयाच्या झडपा बिघडू नयेत म्हणून तीन किंवा चार आठवड्यांनी दिले जाणारे बारा लाख युनिट बेंझाथिन पेनिसिलिन, किंवा सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात ‘अंतरा’ या नावाने परिचित झालेले, तीन महिने पुरणारे गर्भनिरोधक इंजेक्शन, ही त्याची नेहमीची उदाहरणे होत.

मात्र स्नायू म्हणजे औषधाला सर्वत्र मोकळे दार नव्हे. सर्पदंशावरील प्रतिविषाचे रेणू मोठे असल्याने ते स्नायूतून फार सावकाश शोषले जातात, म्हणून प्रतिविष शिरेतूनच द्यायचे असते; आणि घोणस किंवा फुरसे चावलेल्या रुग्णाचे रक्त गोठण्याची क्षमता गमावून बसलेले असल्यास त्याला कोणतेही औषध स्नायूत टोचणे म्हणजे आत रक्ताची मोठी गाठ तयार होऊ देणे होय. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाच्या स्नायूंना रक्तच कमी पोहोचत असल्याने तेथे औषध पडून राहते. जागेची चर्चा या मर्यादा गृहीत धरूनच करावी लागते.

पोकळ सुई आणि पिचकारी यांचा संयोग फार जुना नाही. डब्लिनमध्ये फ्रान्सिस रिंड यांनी १८४४ मध्ये पोकळ नळीतून औषध मज्जातंतूजवळ सोडले, आणि १८५३ मध्ये एडिंबरोचे अलेक्झांडर वुड व लियाँचे शार्ल प्रावाझ यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पिचकारीला पोकळ सुई जोडली. पुढची अनेक दशके बहुतेक औषधे कातडीखालीच दिली जात. स्नायूत खोल टोचण्याची पाळी आली ती पारा, बिस्मथ आणि क्विनीन अशा जळजळीत द्रव्यांमुळे. या पद्धतीचा खरा प्रसार झाला तो १९४० च्या दशकात पेनिसिलिन आल्यावर, कारण त्या काळचे पेनिसिलिन शरीरातून इतक्या लवकर बाहेर पडे की ते दर तीन तासांनी टोचावे लागे. त्यानंतर आले क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन, जे महिनोन्महिने टोचावे लागे. वारंवार आणि मोठ्या प्रमाणात टोचण्यासाठी शरीरावरचा सर्वांत मांसल दिसणारा भाग निवडला जाणे साहजिक होते, आणि तो भाग म्हणजे कुल्ला. सामान्य बोलण्यात ज्याला ‘कमरेत दिलेले इंजेक्शन’ म्हणतात ते प्रत्यक्षात येथेच दिलेले असते.

दुर्दैवाने, दिसायला सर्वांत सुरक्षित असलेली हीच जागा शरीररचनेच्या दृष्टीने सर्वांत अडचणीची आहे. कुल्ल्याला गोलाई देणारा ग्लुटियस मॅक्सिमस हा शरीरातील सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी एक. जिना चढताना, उठून उभे राहताना मांडी मागे खेचण्याचे काम तो करतो. पण त्याच्या पोटाखालूनच सायॅटिक हा शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू जातो. कमरेच्या चौथ्या मणक्यापासून त्रिकास्थीच्या तिसऱ्या खंडापर्यंतच्या मुळांतून तो तयार होतो, उगमाजवळ त्याची रुंदी सुमारे दोन सेंटिमीटर असते, आणि श्रोणीच्या मागील मोठ्या खाचेतून, पायरिफॉर्मिस या लहान स्नायूच्या खालच्या कडेने तो कुल्ल्यात उतरतो. तेथून, बसताना जमिनीला टेकणारे इस्कियमचे हाड आणि मांडीच्या हाडाचा बाहेरचा मोठा उंचवटा, म्हणजे ग्रेटर ट्रोकँटर, या दोहोंच्या साधारण मधून तो मांडीत जातो. दर शंभरांत दहा-पंधरा व्यक्तींमध्ये त्याचे दोन भाग वरच्या वर विभागलेले असून त्यांपैकी एक पायरिफॉर्मिसला भेदून किंवा त्याच्या वरून बाहेर पडतो. तेव्हा ‘येथून खाली मज्जातंतू, येथून वर निर्धोक’ अशी रेघ सर्वांच्या शरीरावर सारखी ओढता येत नाही.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मांची गणना आहे, आणि त्यांत पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, जघनाच्या बाहेरील भागी असलेल्या ‘कुकुंदर’ मर्माला इजा झाली असता शरीराच्या खालच्या भागाची संवेदना आणि हालचाल जाते, असे सांगितले आहे. या मर्माचे स्थान आणि सायॅटिक मज्जातंतू एकच, असे म्हणण्याचा उत्साह येथे मुद्दाम टाळला आहे, कारण संहितेतील वर्णनावरून तेवढे सिद्ध होत नाही; परंतु या भागात शस्त्र चुकले तर पाय जातो एवढे निरीक्षण जुन्या वैद्यांनी केलेले होते, हे मात्र नाकारता येत नाही.

सुईने या मज्जातंतूला जी इजा होते ती केवळ टोचण्याची नसते. मज्जातंतूच्या तंतुगुच्छाच्या आत औषध सोडले गेले तर त्या औषधाची रासायनिक दाहकता आतून तंतूंचा नाश करते, आणि कोणते औषध आहे यावर हानीचे प्रमाण अवलंबून राहते. बहुतेक रुग्णांना त्या क्षणी कुल्ल्यापासून पावलापर्यंत विजेसारखी कळ जाते. काहींना मात्र तेव्हा काहीच जाणवत नाही आणि दुर्बलता नंतर लक्षात येते. मज्जातंतूचा बाहेरच्या बाजूचा भाग, जो पुढे पेरोनियल मज्जातंतू होतो, त्याला अधिक वेळा इजा पोहोचते, आणि त्यामुळे पाऊल वर उचलता येत नाही. चालताना चवडा जमिनीवर घासतो आणि रुग्ण गुडघा अवाजवी उंच उचलून पाय टाकू लागतो. लहान मुलांत हा धोका विशेष, कारण कुल्ल्याचे स्नायू मूल चालू लागल्यानंतरच भरतात आणि तोपर्यंत मज्जातंतूवर आच्छादन म्हणावे असे फारसे काही नसते. तापलेल्या मुलाला इंजेक्शन दिले आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा पाय लटका पडला, ही तक्रार भारतातील अस्थिरोगतज्ज्ञांना आणि मज्जासंस्थातज्ज्ञांना अपरिचित नाही.

हा धोका टाळण्यासाठी जो नियम पिढ्यान् पिढ्या शिकवला गेला तो असा : कुल्ल्याचे चार समान भाग कल्पावेत आणि वरच्या बाहेरच्या भागात टोचावे. नियम चुकीचा नाही, पण ‘कुल्ला’ कोठून कोठपर्यंत हे त्यात सांगितलेले नसते, आणि सारा घोटाळा तेथे होतो. शरीररचनाशास्त्राच्या दृष्टीने या प्रदेशाची वरची सीमा इलियाक क्रेस्ट, म्हणजे कमरेवर हात ठेवला असता तळव्याला लागणारी हाडाची कड, ही आहे. पाहणाऱ्याच्या दृष्टीने मात्र कुल्ला म्हणजे मागचा गोल फुगीर भाग. त्या फुगीर भागाचा वरचा-बाहेरचा चतुर्थांश काढला तर तो खऱ्या प्रदेशाच्या जवळजवळ मध्यावर येतो, म्हणजे मज्जातंतूच्या शेजारी. म्हणून या पुस्तकात चतुर्थांशाऐवजी रेषेची पद्धत स्वीकारली आहे : त्रिकास्थीच्या बाजूला, कातडीवर खळी दिसते तेथे लागणारे इलियमचे मागचे टोक आणि ग्रेटर ट्रोकँटर यांना जोडणारी रेषा कल्पावी, आणि तिच्या वर व बाहेरच टोचावे. बाह्यरुग्ण विभागात रुग्णाला उभे करून, कपडा चार बोटे खाली सरकवून, उघड्या पडलेल्या पट्टीत सुई खुपसण्याची जी रीत दिसते तिच्यात यांपैकी एकही हाड चाचपलेले नसते. शिवाय उभ्या रुग्णाचा भार त्याच पायावर असल्याने स्नायू ताठलेला असतो आणि दुखणे वाढते. रुग्णाला पालथे झोपवून त्याचे पाय आतल्या बाजूला, अंगठे एकमेकांकडे वळवायला सांगितले तर हाच स्नायू सैल पडतो.

कुल्ल्याची दुसरी अडचण चरबीची. कॅनडातील संशोधकांनी १९८२ मध्ये सीटी स्कॅनच्या आधारे असे दाखवले, की नेहमीच्या साडेतीन सेंटिमीटर सुईने कुल्ल्यात दिलेले इंजेक्शन पुरुषांपैकी पंधरा टक्क्यांहून कमी आणि स्त्रियांपैकी पाच टक्क्यांहून कमी जणांच्या बाबतीत स्नायूपर्यंत पोहोचले असते. उरलेल्यांना ते चरबीतच मिळाले असते. वेदनाशामकाच्या बाबतीत याचा परिणाम म्हणजे औषध उशिरा लागू पडणे आणि गाठ येणे. लशीच्या बाबतीत परिणाम अधिक गंभीर आहे, कारण चरबीत पडलेल्या लशीला शरीराचा प्रतिसाद क्षीण मिळतो. हिपॅटायटिस-बी आणि रेबीज या दोन्ही लशी कुल्ल्यात दिल्यास पुरेशी प्रतिपिंडे तयार न होण्याचा धोका असतो, म्हणून त्या प्रौढांना दंडात आणि लहान मुलांना मांडीतच द्याव्यात असा स्पष्ट नियम आहे. कुत्रा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही धास्ती महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या मनात अजून आहे. ती इंजेक्शने मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या सेंपल लशीची असत आणि पोटाच्या कातडीखाली दिली जात. भारतात त्या लशीचा वापर २००४ च्या अखेरीस थांबला. आजची रेबीजची लस दंडात, स्नायूत किंवा त्वचेच्या थरात, दिली जाते.

इतके दोष असूनही कुल्ल्याची ही जागा पुस्तकातून हद्दपार करता येत नाही. गरोदरपणातील झटक्यांवर, म्हणजे एक्लॅम्पसियावर, दिल्या जाणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा विचार केला तर हे लक्षात येईल : प्रिचर्ड पद्धतीत पहिल्या मात्रेपैकी पाच-पाच ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोलवर द्यायचे असतात, आणि पन्नास टक्के द्रावणाच्या हिशेबाने प्रत्येक बाजूला दहा मिलिलिटर होतात. एवढा द्रव दंडात मावत नाही. मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी खेड्यातील केंद्रावर हीच मात्रा आईचा जीव वाचवणारी ठरू शकते, तेव्हा ती देणाऱ्या परिचारिकेला ही जागा नीट माहीत असलीच पाहिजे.

याच प्रदेशात, थोडे पुढे आणि वर, एक अधिक चांगली जागा आहे आणि तिचा वापर व्हावा तेवढा होत नाही. स्विस शरीररचनाशास्त्रज्ञ फॉन हॉकश्टेटर यांनी १९५० च्या दशकात तिचे पद्धतशीर वर्णन केले. तिला व्हेंट्रोग्लुटियल, म्हणजे कुल्ल्याची पुढची बाजू, असे म्हणतात, आणि तेथील स्नायू ग्लुटियस मीडियस व त्याच्याखालचा ग्लुटियस मिनिमस हे होत. एका पायावर उभे राहिले असता श्रोणी दुसऱ्या बाजूला कलू न देण्याचे काम ते करतात. रुग्णाच्या डाव्या बाजूला टोचायचे असल्यास उजवा हात वापरावा. तळव्याचा मनगटाकडचा भाग ग्रेटर ट्रोकँटरवर टेकवावा, अंगठा जांघेकडे राहू द्यावा, तर्जनी इलियमच्या पुढच्या टोकावर, म्हणजे ओटीपोटाच्या बाजूला पुढे बोचणाऱ्या हाडावर, ठेवावी आणि मधले बोट इलियाक क्रेस्टच्या कडेने जमेल तेवढे मागे ताणावे. दोन बोटांमध्ये जो त्रिकोण तयार होतो त्याच्या मध्यावर सुई काटकोनात जाते. या त्रिकोणाखाली दोन स्नायूंची चांगली जाडी आणि त्यांच्या तळाशी इलियमचे सपाट हाड आहे. सायॅटिक मज्जातंतू येथून दूर मागे राहतो, मोठी रक्तवाहिनी वाटेत येत नाही, आणि चरबीचा थर मागच्या भागाच्या मानाने सहसा पातळ असतो. रुग्ण कुशीवर किंवा उताणा असला तरी चालते, आणि स्त्री-रुग्णाच्या संकोचाचा प्रश्नही पुष्कळच कमी होतो, कारण कंबरेची फक्त बाजू उघडी करावी लागते. तरीही ही जागा वापरली जात नाही याचे कारण शास्त्रीय नाही. परिचर्येतील हातोटी वरिष्ठांकडून कनिष्ठांकडे पाहून-पाहून उतरते, आणि ज्या वरिष्ठांनी स्वतः ती कधी वापरली नाही त्यांच्या हाताखाली ती शिकली जाण्याचा संभव नसतो. दुसरे कारण असे, की येथे हाडे चाचपल्याशिवाय गत्यंतरच नसते, आणि गर्दीच्या वेळी रुग्णाच्या शरीरावर हात ठेवून क्षणभर थांबण्याची सवय मोडलेली असते.

मांडीचा प्रश्न त्या मानाने सरळ आहे. मांडीच्या पुढच्या भागात क्वाड्रिसेप्स हा चार भागांचा स्नायू असतो, त्यांपैकी बाहेरच्या बाजूचा व्हास्टस लॅटरॅलिस सर्वांत मोठा. ग्रेटर ट्रोकँटर आणि गुडघ्याच्या बाहेरचा उंचवटा यांमधील अंतराचे तीन भाग केले असता मधल्या तिसऱ्या भागात, मांडीच्या पुढच्या मध्यरेषेच्या किंचित बाहेर, ही जागा येते. मांडीची मोठी धमनी आतल्या बाजूला, सायॅटिक मज्जातंतू मागे, आणि येथे तसे काहीच नाही. म्हणून नवजात बालकापासून सर्वांना ही जागा चालते. जन्मतः दिले जाणारे व्हिटॅमिन के आणि सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांतील पेंटाव्हॅलंट लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात मांडीतच दिली जाते. पेंटाव्हॅलंटसाठी डावी मांडी ठरलेली आहे, ती अशासाठी की एकाच दिवशी अनेक लशी दिल्यावर सूज कोणत्या लशीने आली हे नंतर ओळखता यावे. आईच्या मांडीवर आडव्या घेतलेल्या बाळाचा गुडघा एका हाताने स्थिर धरावा लागतो, अन्यथा सुई आत असतानाच ते पाय झाडते.

या ठिकाणी पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाचा उल्लेख आवश्यक आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांशी केली असता असे आढळले, की सरासरी २.७ किलो वजनाच्या या बालकांचे स्नायू बरेच कमी असतात, पण कातडीखालची चरबी त्या प्रमाणात कमी झालेली नसते. हे संशोधन मधुमेहाच्या संदर्भात जगभर गाजले. इंजेक्शनच्या दृष्टीने त्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही, परंतु सुईची लांबी आणि मात्रेचे आकारमान यांची कोष्टके परदेशी बालकांच्या मापांवरून जशीच्या तशी उचलू नयेत, एवढा बोध त्यातून नक्कीच घेता येतो.

तातडीच्या प्रसंगी मांडीचे महत्त्व आणखी वाढते. औषधाच्या किंवा मधमाशीच्या दंशाच्या तीव्र ॲलर्जीने रुग्ण कोसळत असताना ॲड्रेनॅलिन मांडीच्या या भागातच द्यावे, असा आजचा नियम आहे. मुलांवरील १९९८ च्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेल्या ॲड्रेनॅलिनची रक्तातील पातळी सरासरी ८ मिनिटांत कमाल झाली, तर कातडीखाली दिलेल्याची ३४ मिनिटांत. आणि त्यानंतरच्या प्रौढांवरील अभ्यासात दंडापेक्षाही मांडी सरस ठरली. गुदमरणाऱ्या माणसाच्या बाबतीत सव्वीस मिनिटांचा फरक म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. मांडीच्या मध्यरेषेवरील रेक्टस फेमोरिस हा स्नायू स्वतःच स्वतःला टोचणाऱ्यांना हाताशी पडतो; तो अधिक दुखतो, यापलीकडे त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही.

दंडाची जागा २०२१ मध्ये कोरोना लसीकरणामुळे देशातील बहुतेक प्रौढांना परिचित झाली. गळपट्टीचे हाड, खांद्याचे टोक म्हणजे ॲक्रोमियन, आणि खांद्याच्या फऱ्याची कड यांवर उगम पावून दंडाच्या हाडाच्या मध्यावर टोकदार होऊन चिकटणारा त्रिकोणी स्नायू तो डेल्टॉइड. त्याच्या अंतर्भागातून, ॲक्रोमियनच्या खाली सुमारे पाच ते सात सेंटिमीटरवर, ॲक्सिलरी मज्जातंतू हाडाला वळसा घालून जातो. आणखी खाली, दंडाच्या मागच्या बाजूला, हाडाला चिकटून रेडियल मज्जातंतू आहे. याउलट ॲक्रोमियनच्या लगतच खाली बर्सा, म्हणजे सांध्याची हालचाल सुलभ करणारी द्रवाची पिशवी, असते आणि तिच्यात लस पडली तर महिनोन्महिने खांदा उचलता येत नाही. थोडक्यात, निर्धोक पट्टा लहान आहे. ॲक्रोमियनच्या खाली दोन ते तीन बोटे असे त्याचे माप सांगतात, पण बोटे कोणाची हा प्रश्न कोणी विचारत नाही; जाड बोटांच्या परिचारकाची तीन बोटे कृश वृद्धेच्या दंडावर मज्जातंतूपर्यंत पोहोचू शकतात. कपड्याचाही येथे संबंध आहे. घट्ट बाही वर सरकवली तर ती दंडाच्या मध्यावर अडते आणि सुई फार खाली लागते; गळ्याकडून कपडा खाली ओढला तर खांद्याचे फक्त टोक उघडे पडते आणि सुई फार वर लागते. संपूर्ण खांदा उघडा केल्याशिवाय, आणि टोचणाऱ्याने उभ्या रुग्णापुढे वाकण्याऐवजी त्याला बसवून स्वतः बसल्याशिवाय, ही जागा अचूक सापडत नाही. एक मिलिलिटर, फार तर दोन, एवढीच या स्नायूची क्षमता.

जागा अचूक असली तरी तीच ती वापरत राहिल्यास स्नायू तंतुमय होऊन आखडतो. जपानमध्ये १९७० च्या दशकात, लहान वयात मांडीत वारंवार इंजेक्शने मिळालेल्या हजारो मुलांचे गुडघे वाकेनासे झाल्याचे उघडकीस आले आणि तो मोठा सार्वजनिक प्रश्न बनला. भारतात क्षयरोगाच्या फेरउपचारात दोन महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिनची २४ इंजेक्शने घेतलेल्या रुग्णांच्या पिढीला बाजू आलटून-पालटून घेण्याचे महत्त्व स्वानुभवाने ठाऊक आहे. आता ती इंजेक्शने त्या उपचारातून गेली आहेत. यापेक्षाही मूलगामी प्रश्न इंजेक्शन द्यावेच का हा आहे. ब्रिटनमध्ये १९५० मध्ये ब्रॅडफर्ड हिल आणि नोल्डन यांनी दाखवले, की पोलिओचा संसर्ग असताना टोचलेल्या मुलांत ज्या अवयवात सुई लागली त्याच अवयवाला लुळेपणा येण्याचे प्रमाण अधिक असते. ज्या काळात पोलिओचा विषाणू भारतात सर्वत्र होता, त्या काळात साध्या तापासाठी मुलांना दिलेल्या अनावश्यक इंजेक्शनांची किंमत काय होती, याचा विचार अस्वस्थ करणारा आहे. सुई टोचल्याशिवाय डॉक्टरने काही केले असे न मानणारा रुग्ण आणि त्याला ती टोचून मोकळा होणारा डॉक्टर, या दोघांची जोडी आजही खेड्यापाड्यांत आणि शहरांतही आढळते. तोंडाने घेता येणारे औषध तोंडाने द्यावे, हा नियम म्हणून या पुस्तकात जागांच्या वर्णनाआधी ठेवला आहे.

परिभाषेबद्दल दोन शब्द. स्नायूंची आणि हाडांची नावे परिचर्या महाविद्यालयांत आणि रुग्णालयांत ज्या रूपात बोलली जातात त्याच रूपात, देवनागरीत, दिली आहेत, आणि प्रथम उल्लेखाच्या ठिकाणी त्यांचे स्थान साध्या मराठीत सांगितले आहे. आकृत्यांचा उपयोग मर्यादित असतो, कारण आकृतीतील शरीर ना कृश असते ना स्थूल. विद्यार्थ्यांना विनंती एवढीच, की पुढील प्रकरणे उघडण्याआधी ॲक्रोमियन, ग्रेटर ट्रोकँटर, इलियाक क्रेस्ट आणि इलियमचे पुढचे टोक या चार खुणा प्रथम स्वतःच्या आणि नंतर निदान चार-पाच वेगवेगळ्या बांध्याच्या सहाध्यायांच्या अंगावर बोटांनी शोधून काढाव्यात, आणि स्थूल व्यक्तीत ट्रोकँटर लवकर सापडत नसेल तर त्या व्यक्तीला मांडी आत-बाहेर फिरवायला सांगावी, म्हणजे ते हाड हाताखाली हलताना जाणवते.